बिनशिट्टीचा शो

घरोघरी सीडी आल्या आणि हिंगोलीतल्या आमच्या टॉकीजातली पोरं पांगली. बाया तर आधीच मालिकांत रमल्या होत्या. पुसेगावची एक म्हातारी मात्र बाजार उरकला की दुपारच्या शोला यायचीच. पहिल्या रांगेत खुर्चीवर ऐसपैस मांडी घालून बसायची.

एकदा मागं वळून माझ्यावरच खेकसली, "शिट्टी काहून न्हाई मारत रे? मला समदं धुरकट दिसतं. पोरं शिट्ट्या मारायची, तवा हिरो आला हे बराबर कळायचं."

मी शाळेतला मास्तर, केस पिकायला लागलेले. तरी हिरो पडद्यावर येताच दोन बोटं तोंडात घातली आणि सणसणीत शिट्टी मारली.

"आला वाटतं," म्हणत म्हातारीनं पदर सारखा केला.