शिंगांचा पारखी

गुरुदत्त पांढरीपांडेने आयुष्यात कधी झुरळ मारलं असेल, तर तेही बायकोने ओरडल्यावर. मूळचा नागपूरचा, वय अठ्ठावन्न, पंचवीस वर्षं अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावात, पंप बनवणाऱ्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगचा मॅनेजर. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. अशा या माणसाला इलिनॉयच्या पश्चिम टोकाकडचे शिकारी गेली काही वर्षं हरणांचे फोटो पाठवून विचारत, "गुरू, किती?" हा ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत दहीभाताचा डबा बाजूला सारून फोटो मोठा करायचा आणि उत्तर द्यायचा, "चार वर्षांचा. एकशे अडतीस." पुढे कोणी ते हरीण मारून टेपने मोजलं, की आकडा दोन-तीन इंचांच्या आतच निघायचा. शरयूला, म्हणजे बायकोला, याचं काडीचं कौतुक नव्हतं. "नवी साडी नेसले तर ओळखू येत नाही, शिंगं मात्र बरी दिसतात," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

हे सगळं झालं रुहीमुळे. रुही ही त्यांची एकुलती एक मुलगी, इथेच जन्मलेली. सोळाव्या वर्षी तिने शाळेतल्या मैत्रिणीबरोबर शिकारीच्या सेफ्टीचा कोर्स केला आणि घरी येऊन जाहीर केलं की यंदा नोव्हेंबरमध्ये मी हरणाच्या शिकारीला जाणार. शरयूने कपाळाला हात लावला. गुरुदत्तने पंधरा दिवस वाद घातला, मग हात टेकले आणि एकच अट घातली: मी बरोबर येणार. पोरगी बंदूक घेऊन रानात एकटी जाणार आणि आपण घरी सोफ्यावर बसणार, हे त्याच्याने झालं नसतं. त्याला वाटलं होतं, एक सीझन थंडीत कुडकुडली की हौस फिटेल. पोरीची हौस फिटली नाहीच, उलट बापालाच नाद लागला.

नाद मारण्याचा नव्हे, मोजण्याचा. हरणाच्या नराची शिंगं दरवर्षी झडतात आणि नवी येतात, वयाबरोबर वाढत जातात. त्यांची लांबी, जाडी, मधली रुंदी, एकेक टोक, सगळं इंचांत मोजून बेरीज करतात. तो त्या हरणाचा आकडा. पण ही मोजणी मेल्यावरची. खरी पारख जिवंतपणी, लांबून, अर्ध्या मिनिटात करायची असते, कारण एकदा बार उडाला की "अरेरे, हा तर लहान होता" म्हणून काही उपयोग नाही. त्यासाठी हरणाचाच चेहरा फूटपट्टी म्हणून वापरतात. ताठ उभ्या कानांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सोळा इंच. डोळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत आठ. वय अंगावरून ओळखायचं: तरुण नर लांब पायांचा, पोट आत गेलेला, म्हाताऱ्याची पाठ खचलेली, पोट सुटलेलं, त्यामुळे पाय आखूड वाटतात. गुरुदत्तने हे जन्मभर टेस्टिंगमध्ये चुका शोधणाऱ्या माणसाच्या चिकाटीने आत्मसात केलं.

बापलेकीची वाटणी ठरून गेली. दुर्बीण बाबांकडे, बंदूक रुहीकडे. बंदुकीच्या दुर्बिणीतून नुसतं बघायचं नाही, कारण जिकडे बघायचं तिकडे नळी वळते, हे रुही कोर्समध्ये शिकली होती आणि ते तिने कधी मोडलं नाही. बाबा तीन गोष्टी सांगायचे: वय, रुंदी, आकडा. मग "घे" किंवा "जाऊ दे". "घे" म्हटलं की रुही शिंगांकडे बघायचीच नाही. शिंगांकडे बघितलं की हात थरथरतो, म्हणून नजर फक्त खांद्यामागच्या जागेवर. आठ वर्षांत तिने त्याला एकदाही "नक्की ना?" असं विचारलं नव्हतं. मिळालेलं मांस ते गरजूंना जेवण देणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकत, आणि शरयू दोघांना घरात घेण्याआधी गॅरेजमध्येच कपडे बदलायला लावत असे.

आता रुही चोवीस वर्षांची. मिनियापोलिसमध्ये नोकरी, तिथेच मित्रमंडळी. दिवाळीला व्हिडिओ कॉल, वाढदिवसाला अर्धा तास. बापाच्या वाट्याला वर्षातून अखंड असे तीनच दिवस यायचे, शिकारीचे. झाडावरच्या दोघांपुरत्या मचाणावर खांद्याला खांदा लावून, थर्मासमधला चहा आलटून पालटून पीत, फारसं न बोलता. गुरुदत्त वर्षभर त्या तीन दिवसांवर जगायचा.

आणि ऑगस्टमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की इतक्या वर्षांच्या मधुमेहाने पडद्याचा नेमका मधला भाग सुजलाय. इंजेक्शनं सुरू झाली. कडेचं सगळं स्वच्छ दिसायचं. ज्याच्याकडे सरळ बघावं तिथे मात्र कोणीतरी ओला अंगठा फिरवल्यासारखा डाग. शरयूला त्याने "थोडा नंबर वाढलाय" एवढंच सांगितलं. शिकाऱ्यांच्या फोटोंना "कामात आहे" असं उत्तर जाऊ लागलं. रुहीला तर काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार? बंदूक त्याला धरता येत नाही, हरीण सोलताना तो तोंड फिरवतो. त्या मचाणावर त्याची जागा होती ती डोळ्यांमुळे. डोळेच गेले तर पोरीने पाचशे मैल गाडी हाणत यायचं कशाला, आणि त्याला शेजारी बसवायचं तरी कशाला? ती नाही म्हणाली नसती. पण दया म्हणून मिळालेली जागा त्याला नको होती.

यंदा रानात दोन नर मोठे होते. गुरुदत्तने त्यांना नावं दिली होती, थोरला आणि धाकटा. थोरला सात वर्षांचा, उतरणीला लागलेला. यंदा मिळाला तर मिळाला. धाकटा जेमतेम तीन वर्षांचा, पण शिंगांची ठेवण हुबेहूब थोरल्याची. रुहीचा धाकट्यावर विशेष जीव. तो पिल्लू असताना मचाणाखाली येऊन तिच्या खाली पडलेल्या हातमोज्याचा वास घेऊन गेला होता. "बाबा, याला मोठा होऊ द्यायचा. प्रॉमिस?" आणि गुरुदत्तने वचन दिलं होतं. गेली दोन वर्षं तो समोरून गेला की दोघं शिकारीच्या केशरी जाकिटांत श्वास रोखून बसत आणि त्याला जाऊ देत.

शनिवारी सकाळी आठच्या सुमाराला मका कापून झालेल्या शेतात एक मादी पळत आली. तिच्यामागे नर. ऐंशी यार्डांवर येऊन तो थबकला.

"बाबा," रुही कुजबुजली. "बिग वन. टेल मी."

गुरुदत्तने दुर्बीण लावली. डोक्याच्या जागी डाग. त्याने नजर जराशी बाजूला नेली, की शिंगांच्या कडा उमटायच्या. परत सरळ बघितलं की पुसल्या जायच्या. मान जाड वाटली. पण माजाच्या ऐन मोसमात सगळ्यांच्याच माना सुजतात. पाय मक्याच्या खुंटांआड. शिंगं कानांच्या बाहेर दिसत होती, दोन्हीकडून. कानाबाहेर दीड-दीड इंच, म्हणजे एकोणीस. धाकट्याची रुंदी एवढी नाही. म्हणजे थोरला. असायलाच हवा.

'मला दिसत नाही,' हे तीन शब्द त्याच्या जिभेवर आले होते. नर कुठल्याही क्षणी निघून जाईल. शेजारी पोरीचा श्वास ऐकू येत होता, ती वाट बघत होती, नेहमीसारखी, त्याच्या शब्दाची.

"सात वर्षं," तो म्हणाला. "एकोणीस रुंद. दीडशे. घे."

बार झाला. नर दोन उड्या मारून कोसळला.

रुही पहिली उतरली. तिने बंदूक रिकामी करून खांद्याला अडकवली आणि शेतातून पुढे गेली. गुरुदत्त शिडी धरून सावकाश उतरत होता. त्याने पाहिलं की ती हरणापाशी पोचली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली. नेहमी ती तिथूनच हात वर करून ओरडायची. आज बराच वेळ नुसती उभी राहिली. मग वळली, आणि जरा जास्तच मोठ्या आवाजात म्हणाली, "बाबा, यू वर राइट! थोरलाच आहे!"

त्याचा जीव भांड्यात पडला. धापा टाकत तो पोचला, गुडघ्यांवर बसला आणि शिंगाला बुडाशी हात घातला.

थोरल्याचं शिंग बुडाशी मुठीत मावलं नसतं. इथे अंगठा आणि बोटं आरामात एकमेकांना भिडली. त्याने हात खाली नेला. पोट आत गेलेलं. पाय लांब, लांबच लांब. कान अजून मागे दाबलेलेच होते, मादीमागे चिडून धावताना दाबलेले. कान मागे पडले की कुठलीही शिंगं त्यांच्याबाहेर दिसणार, हे त्याने स्वतःच रुहीला शिकवलं होतं. आज कान मागे दाबलेले आहेत हेच त्याला दिसलं नव्हतं.

रुहीने टेप काढला. "रुंदी नाइंटीन," ती म्हणाली. गुरुदत्तने शिंगांच्या मध्ये वीत टाकून पाहिली, सतराही नव्हती. "लेफ्टचं लाँग टोक, टेन अँड हाफ." बोटांखाली ते आठाच्या आत संपत होतं. ती बोलत राहिली, एकेक खोटा आकडा, आणि तो ऐकत राहिला. लहानपणी बेरजेला रडणारी पोर. शेवटी थांबून, ओठ हलवून, मागून पुढून जुळवून तिने सांगितलं, "वन फिफ्टी वन."

आता बोलायला हवं होतं. 'रुही, हा धाकटा आहे. मी मारला. मला ऑगस्टपासून दिसत नाही.' पण तिने इतक्या कष्टाने उभं केलेलं ते एकशे एक्कावन्न मोडायचं कसं? आणि न मोडता पुढच्या वर्षी त्या मचाणावर बसायचं तरी कसं? दोन्ही बाजूंनी तो अडकला होता. इतकं असहाय त्याला कधी वाटलं नव्हतं, डॉक्टरच्या खुर्चीतसुद्धा नाही.

"एका इंचाने चुकलो," तो म्हणाला.

रुही हसली. हसता हसता तिने बाहीने नाक पुसलं. मग ती वाकली, त्या नराच्या मानेवर हात ठेवून काहीतरी पुटपुटली, बहुतेक सॉरी. ते आपल्याला ऐकू आलं नाही असं गुरुदत्तने दाखवलं.

"फोटो काढायचा?" त्याने विचारलं.

"नको, बाबा. थंडी आहे. आधी गाडी आणू."

दोघं निघाले. दहा पावलांवर रुहीने त्याचा कोपर धरला. आजवर तिने असा कधी धरला नव्हता. लहानपणी तो तिचा धरायचा.

"सावकाश हं, बाबा," ती हळूच म्हणाली. "इथे खड्डा आहे."

खड्डा त्याला डोळ्याच्या कडेने स्वच्छ दिसत होता. त्याने कोपर सोडवून घेतला नाही, आणि ती नेईल तसा तो खड्ड्याला वळसा घालून चालत राहिला.