खळ्यावरचं गोल्फ

जळगावात गोल्फ खेळायला जागा नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरीही मी काठ्यांचा अख्खा संच विकत घेतला. खरं तर माझी सगळी कथा एवढ्यातच संपते, पण मी पडलो दुकानदार. समोर कुणी बसलंय म्हटल्यावर इतक्यात सोडणार नाही.

माझं ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. तीस वर्षं मी शेतकऱ्यांना एकच गोष्ट सांगत आलो. कुणी येऊन म्हणालं, "पाणी नीट पडत नाही, सगळ्या नळ्या बदलून द्या," की मी म्हणायचो, "भाऊ, आधी फिल्टर धुवा, मग बघू." निम्मे लोक फिल्टर धुवायचे आणि परत यायचेच नाहीत. बायको कपाळाला हात लावायची. पण मला त्याचा फार अभिमान होता. स्वतःची कसूर झाकायला माणूस वस्तू बदलत बसतो, असल्या माणसाला मी मूर्ख समजत असे. 'समजत असे' हे मुद्दाम लिहिलंय.

गोल्फ आलं ते मुलीमुळे. एकुलती एक, पुण्याला नोकरीला. लहान असताना स्कूटरवर माझ्या पुढ्यात उभी राहायची आणि पिंप्राळ्यातल्या घरापासून दुकानापर्यंत तोंडाचा पट्टा चालू. रस्त्यात म्हैस दिसली तरी त्यावर पाच प्रश्न. एकदा वैतागून मी म्हटलं होतं, "अगं बाई, जरा गप्प बस, गाडी चालवू दे." देवानं ते फारच मनावर घेतलं. पुण्याला गेल्यापासून आमचं बोलणं म्हणजे रविवारचा फोन, आणि तोही मीच लावायचा. "जेवलीस का?" "हो." "ऊन काय म्हणतंय?" "आहे." "बरं, मम्मीला देतो." दोन मिनिटं. पुढे काय विचारायचं ते मला सुचायचं नाही, आणि तिलाही सांगावंसं वाटत नसणार. फोन ठेवला की मी उगाच दारातली स्कूटर पुसत बसायचो.

हिवाळ्यात एका रविवारी ती सहज म्हणाली, "ऑफिसचे लोक गोल्फ शिकायला नेतात आम्हाला. मीपण जातेय."

मी म्हटलं, "म्हणजे नेमकं काय करता?"

आणि ती बोलायला लागली! काठी कशी धरायची, खांदा कसा फिरवायचा, चेंडू राहतो जागेवर आणि गवताचा तुकडाच कसा लांब उडतो. मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं! शेवटी म्हणाली, "तुम्ही आलात ना पप्पा, की आपण दोघं खेळू." बोलायची रीत म्हणून म्हणाली असेल. मी मात्र ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. मुलीबरोबर एकदा नऊ होल, म्हणजे अर्धा डाव, खेळायचे आणि तिची लाज निघेल असं खेळायचं नाही, एवढंच डोक्यात बसलं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? पुण्याला जाऊन चार दिवस शिकला असता. मी धुळ्याला जाऊन संच आणला. तिथले एक निवृत्त फौजी अधिकारी आपल्या काठ्या काढून टाकत होते. गृहस्थ सहा फुटांच्या वर. मी पाच फूट तीन इंच, तेही सकाळच्या वेळी. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खालपर्यंत यायला फारसा वेळ लागला नाही, आणि सभ्यपणे म्हणाले, "उंचीला जरा लांब पडतील." मी म्हटलं, "सवयीनं जमेल." सवयीनं काठी आखूड होत नाही, हे घरी आल्यावर कळलं. नेम धरून उभा राहिलो की काठीचं टोक माझ्या बरगड्यांत.

मग मी स्वयंपाकघरातला जेवायचा पाट गच्चीवर नेला आणि त्यावर उभा राहून मारायला लागलो.

बायको पापड वाळत घालायला आली आणि बघतच राहिली. "अहो, पाटावर काय उभे राहिलात? मुंडावळ्या आणू का?"

समोर मी दुकानातली हिरवी शेडनेट बांधली होती. दुसऱ्याच दिवशी चेंडू शेडनेटची गाठ सोडवून शेजाऱ्यांच्या गच्चीवर कुरडयांच्या ओल्या वाळवणात जाऊन बसला. शेजारीणबाईंनी तो चेंडू चिकासकट परत आणून दिला आणि म्हणाल्या, "भाऊजी, या वयात जरा देवाधर्माचं बघा." गच्चीवरचे जोरदार फटके बंद झाले, हळू मारणं तेवढं राहिलं.

पण खेळ सुधारत नव्हता आणि मला कारण सापडत होतं. दर आठवड्याला नवं कारण. हातमोजा नाही म्हणून काठी सटकते, मोजा मागवला. जळगावच्या उन्हात मोज्यात घामाचं तळं झालं. मग चेंडू कडक आहेत असं वाटलं, मऊ मागवले. मग मोबाइलवर एकानं सांगितलं की नवशिक्यांनी लांब लोखंडी काठी वापरूच नये, जाड डोक्याची हायब्रिड वापरावी. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे दोष काठीचाच! हायब्रिड आली. घरी पार्सल आलं की बायको खोकं उघडायच्या आधीच म्हणायची, "आधी फिल्टर धुवा." तीस वर्षं गिऱ्हाइकांना पाजलेलं औषध मला घरच्या घरी मिळायला लागलं.

एक मात्र खरं. प्रत्येक काठीमागे एक फोन होता. "सात नंबरची लोखंडी घेऊ की हायब्रिड?" असं मी विचारायचो, ती म्हणायची, "थांबा पप्पा, बघून सांगते," आणि पुढच्या रविवारी खरंच बघून सांगायची. अर्धा अर्धा तास. मध्येच ऑफिसचं काही निघायचं, घरमालकिणीचं निघायचं, एकदा तर पोह्यात मीठ दोनदा पडल्याचं निघालं. मी पाटावर बसून ऐकायचो. पाटाला काही तरी काम हवंच होतं.

लांब मारायला जागा नव्हती म्हणून मी पटिंगकडे, म्हणजे घरंगळवायच्या फटक्याकडे वळलो. चेंडू होलपाशी पोहोचला की पटर नावाच्या काठीनं त्याला हळूच आत ढकलायचं असतं. निम्मा खेळ तिथंच असतो म्हणे. आणि त्यासाठी मला जागा आठवली ती अक्काच्या खळ्याची.

अक्का माझी थोरली बहीण, अमळनेरकडच्या एका खेड्यात राहते. सत्तरी ओलांडली, पण तिच्या अहिराणीची धार जशीच्या तशी. तिच्या शेतात जुनं खळं आहे. पूर्वी मधोमध मेढ, म्हणजे लाकडी खांब, रोवून त्याभोवती बैल फिरवत मळणी चालायची. आता मळणीयंत्र येतं, दोन तासांत काम उरकतं. मेढ कधीच काढली, तिचा खड्डा तेवढा राहिला. पण अक्का अजूनही हरभरा वाळवायला खळं शेणानं सारवते. गुळगुळीत, टणक, आणि मधोमध आयता खड्डा! मला तर वाटलं, पूर्वजांनी माझ्यासाठीच आखून ठेवलंय.

दर रविवारी सकाळी मी पटर घेऊन तिकडे जायला लागलो. पहिल्याच दिवशी दहातले सात चेंडू खड्ड्यात. पुढच्या रविवारी नऊ. डावीकडून मारा, उजवीकडून मारा, चेंडू लडिवाळपणे वळायचा आणि खड्ड्यात पडायचा. मी धुळ्याचा पटर बाजूला ठेवून नवा, रुंद डोक्याचा मागवला, दहापैकी दहा! मी तिथूनच मुलीला फोन लावून सांगितलं, "पटर बदलला आणि हात बसला बघ. तू फक्त तारीख सांग."

अक्का बाजेवर बसून बघायची. "भाऊ, तुले काय कमी शे रे? हाई काठी लई कसाले फिरस? बठ्ठं गाव हासी राह्यनं."

मी म्हटलं, "अक्का, गाव हसू दे, तू नेम बघ नेम."

"नेम कसाना?" ती म्हणाली. "खळानी जमीन मधमा उतरेल शे. तठे हरभरा टाका ते तो बी मेढना खड्डामाच जास." आणि मग सूर बदलून, "तुनी पोर आखाजीले बी उनी नही."

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी येतात. माझी आली नव्हती, सुट्टी मिळाली नाही म्हणाली होती. ते मला इतकं लागलं होतं की जमिनीबद्दल अक्का काय म्हणाली तिकडे मी लक्षच दिलं नाही. आणि खरं सांगू? मनात म्हटलं, अक्काला पटरमधलं काय कळतंय!

मे महिन्यात पुण्याला गेलो. मुलीनं ओळखीतून एका मैदानावर सकाळची वेळ मिळवली होती. मी नवे बूट, नवा मोजा, नवी टोपी. ती साध्या बुटांत, मैत्रिणीकडून मागून आणलेल्या चार काठ्या घेऊन. मला वाटलं, बिचारीला सामानातलं काही कळत नाही, आता मी शिकवीन.

पहिल्या होलच्या हिरवळीपर्यंत मी चेंडू कसा नेला ते विचारू नका. झाडानं मदत केली, एका माळ्यानं केली. पण हिरवळ आल्यावर माझ्या अंगात बळ आलं. आता आपला प्रांत! मी मुलीला म्हटलं, "बघ हं." वाकलो, श्वास रोखला, खळ्यावर मारायचो तसाच अलगद ढकलला. चेंडू निघाला आणि अर्ध्या वाटेत गवतात बसला. म्हटलं, दव असेल. पुन्हा मारला. तो होलच्या दोन हात बाजूनं गेला आणि चक्क उतारानं खाली माझ्याच बुटाकडे परत आला. सात फटके लागले. दुसऱ्या होलवर आठ. तिसऱ्यावर मी मोजणं सोडलं. मागून आलेले दोन म्हातारे काठीवर रेलून वाट बघत होते.

चौथ्या होलवर चेंडू पुन्हा परत आला तेव्हा मी पटर उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणालो, "याचं डोकं फार रुंद आहे. बदलायला हवा."

मुलगी एकदम हसली. हसता हसता खाली गवतावर बसली. "पप्पा, तुम्ही सराव नक्की कुठं केलात?"

मी खळ्याचं सांगितलं. शेणाचं, मेढीच्या खड्ड्याचं, दहापैकी दहाचं. आणि सांगता सांगता अक्काचा आवाज कानात वाजला: तो बी मेढना खड्डामाच जास. मेढ काढल्यापासून दरवर्षीचं पावसाचं पाणी त्या खड्ड्याकडे धावलंय, त्यानं जमीन चारी बाजूंनी तिकडे उतरती केलीय. लोकांचं नाचता येईना अंगण वाकडं असतं. माझं अंगण वाकडं होतं म्हणून तर मी नाचत होतो! तीन महिने! मीही मग खाली बसलो. गुडघे नको म्हणत होते तरी बसलो. त्या दोन म्हाताऱ्यांना आम्ही हातानं पुढे जायला सांगितलं.

हसू ओसरल्यावर ती बुटाची नाडी ओढत म्हणाली, "पप्पा, एक सांगू? रागवू नका. मी हे चार वर्गांनंतरच सोडलं होतं. मला नाही आवडलं."

मला कळेचना. "अगं, मग ती सात नंबरची... हायब्रिड... ते सगळं?"

"तुम्ही विचारायचात ना. मग मी शोधून ठेवायचे. शनिवारी रात्री वाचून ठेवायचे." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तुम्ही इतकं बोलायला लागला होतात. आधी तुम्ही फक्त ऊन विचारायचात आणि मम्मीला फोन द्यायचात."

मी पटर गवतावर ठेवला. एवढी वर्षं मला वाटत होतं की पोर बोलत नाही. तिला वाटत होतं, बाप बोलत नाही. मला तिच्यासमोर रडायची भीती वाटली, म्हणून मी मोजा काढायला लागलो. घामानं तो निघेना.

शेवटी विचारलंच. "मग आता रविवारी काय बोलायचं आपण?"

"बोला की काहीही," ती म्हणाली. "अक्काआत्याचं सांगा."

उरलेले होल आम्ही खेळलो नाही. नाष्ट्याला गेलो, तिथं ती बारा वाजेपर्यंत बोलत होती. मी एकदाही गप्प बस म्हटलं नाही.

जळगावला परत आल्यावर काठ्या गच्चीच्या जिन्यात ठेवल्या. पाट बायकोनं घासून पुन्हा स्वयंपाकघरात नेला. पण रविवारी सवयीनं मी अक्काकडे गेलोच, रिकाम्या हातानं. नऊला नेहमीप्रमाणे फोन लावायचा होता, आणि काय विचारायचं ते मी मनात जुळवत होतो. काठी नाही, चेंडू नाही. ऊन विचारायचं नाही असं ठरवलं होतं, आणि उन्हाशिवाय काही सुचत नव्हतं.

नऊला दहा कमी असताना माझ्या खिशातला फोन वाजला.

"कोना फोन शे रे भाऊ?" अक्कानं बाजेवरून विचारलं.

फोन कानाला लावायच्या आधीच पलीकडून बडबड सुरू झाली होती. मी अक्काला हातानं थांब म्हटलं आणि खळ्याच्या मधोमध, मेढीच्या खड्ड्यापाशी, मांडी घालून ऐकत बसलो.