नाथाजी मिस्त्रीचा कान

जीपमध्ये टेप बसवणं हे कुणाही सोम्यागोम्याचं काम नव्हे. मोटारीला दारं असतात, छत असतं, स्पीकर कुठंही लपतो. जीपला असतं काय? उघडा सांगाडा आणि वर मी शिवलेलं ताडपत्रीचं हूड. त्यात धुरळा, इंजिनाचा दणका आणि मालकाची हौस अशी की गाणं पुढच्या गावाला ऐकू गेलं पाहिजे. अठ्ठ्याहत्तर सालच्या आसपास कराडात ही हौस फार बोकाळली होती. बागायतदार काय, ठेकेदार काय, ज्याला त्याला मुंबईहून आणलेला फॉरेनचा टेप जीपमध्ये हवा. आणि तो बसवायला नाथाजी मिस्त्रीच हवा.

नाथाजीचं दुकान माझ्या दुकानाला लागून. मी गाड्यांच्या गाद्या आणि हूडं शिवायचो, तो वायरिंग करायचा. मागच्या चाकांवरच्या पत्र्यावर तो सागवानी खोकी ठोकायचा आणि त्यात स्पीकर बसवायचा. टेपच्या तोंडात धूळ जाऊ नये म्हणून मी रेक्झिनचा पडदा शिवून द्यायचो. पण त्याचं नाव झालं होतं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. जीपच्या डायनमोचा आवाज गाण्यात घुसतो. गाण्याच्या मागं एक बारीक, किरटी शिट्टी वाजत राहते आणि ॲक्सिलरेटर दाबला की चढत जाते. ऐकणाऱ्याचे दात शिवशिवतात. ती शिट्टी घालवावी नाथाजीनंच. इथं कंडेन्सर लाव, तिथली वायर दुसरीकडून ने, बॉनेट चेसीला जोड, असं करत तो स्पीकरला कान लावून डोळे मिटून बसायचा. शिट्टी गेली की उठून म्हणायचा, "आता आईक." फौजेत तोफखान्याच्या गाड्यांवर राहून तो हे शिकला होता.

त्याच तोफांनी त्याचा कान नेला. एकदम नाही, हळूहळू. माणसांचं बोलणं त्याला कळायचं, बारीक आवाज तेवढे गळत गेले. एकदा दुकानापुढच्या कडुलिंबाकडं बघत मला म्हणाला, "भाऊसो, ह्या लिंबावर पाखरं येईनाशी झाली बघ." पाखरांनी तर उच्छाद मांडला होता, माझी नवी हूडं रोज घाण करून ठेवायची.

मग गाड्या शिट्टीसकट दुकानाबाहेर पडायला लागल्या. आष्ट्याचा आप्पासो ठेकेदार जीप घेऊन निघाला तेव्हा ती अशी किरकिरत होती की मी शिवणयंत्र थांबवलं. नाथाजी मात्र जावयाकडं बघावं तसा तिच्याकडं बघत होता. आप्पासो म्हणाला, "झकास केलंसा मिस्त्री!" आणि तसाच सांगलीत विश्रामबागेला जाऊन दुसऱ्याकडून सगळं काम उखडून पुन्हा करून घेतलं. एकेकानं असंच केलं. आमच्याकडं भल्या माणसाला तोंडावर वाईट बोलवत नाही, भीड आडवी येते. आग लागो त्या भिडेला! कुणी चार शिव्या हासडल्या असत्या तरी नाथाजी सावध झाला असता. या गोड बोलण्यानं त्याचा गळा आवळला.

मी सांगून बघितलं. "तू सुईदोऱ्याचं बघ गड्या," तो हसत म्हणाला, "कान माजा हाय."

त्याची बायको विजयमाला दुकानामागच्याच खोलीत असायची. काम झालं की तो तिला हाक मारून विचारायचा, "वाजतंय का काय मागं?" ती पदर सावरून ऐकायची आणि म्हणायची, "न्हाई वो. लय ग्वाड." एकदा मी चिडून तिला गाठलं. म्हटलं, "वैनी, आवं सांगा की त्याला!" ती म्हणाली, "त्या कानावरच ते जगत्यात, भावजी. त्यो मीच काडून घिऊ? मग त्यांच्याजवळ काय ऱ्हाईल?" मी परत येऊन शिवणयंत्रावर बसलो.

गिऱ्हाईक तुटलं. नाथाजीला वाटायचं, कुणीतरी करणी केली. त्यानं दुकानाची पाटी रंगवून घेतली, दाराला लिंबूमिरची बांधली. मग रिकाम्या दुकानात जुन्या वायरी सोलत बसायचा. मला बघवायचं नाही.

अशात एक दिवस आटपाडीकडचा बिराप्पा आला. मेंढरं राखत मोठा झालेला माणूस, मिलिटरीच्या लिलावातली जीप घेतलेली. नाथाजीच्या अंगात वारं भरलं. दिवसभर तो घरचं कार्य असल्यासारखा राबला, मला पडदा दोनदा उसवून शिवायला लावला. उन्हं कलताना इंजिन चालू करून, टेप लावून म्हणाला, "आता आइका."

बिराप्पानं ऐकलं. त्याला भीड ठाऊक नव्हती. "मिस्त्री, ही शिट्टी कसली वाजतीया?"

"कसली शिट्टी?"

"हीच की! कानात दाभण घातल्यावानी." त्यानं ॲक्सिलरेटर दाबला.

नाथाजी हसला. माझ्याकडं वळला. मी म्हणालो, "वाजतीया, नाथाजी."

त्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं. त्यानं विजयमालेला बोलावलं. "सांग ह्यास्नी. शिट्टी हाय का?"

तिनं बॉनेटवर हात टेकला. मग म्हणाली, "हाय."

"कवापास्नं?"

"लय दिस झालं."

त्यानं टेप बंद केला, इंजिन बंद केलं. त्यानं मला एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं. तो जीपच्या पायरीवर बसला आणि तिला म्हणाला, "कशी वाजती? करून दाव."

आमच्याकडं बाईमाणूस शिट्टी वाजवत नाही. पोरीनं खेळता खेळता वाजवली तरी आई तिच्या तोंडावर चापट मारते. आणि विजयमाला तर परक्या पुरुषासमोर मान वर न करणारी. तिनं एकदा रस्त्याकडं बघितलं, एकदा बिराप्पाकडं. डोक्यावरचा पदर घसरला तो तसाच राहू दिला आणि ओठांचा चंबू केला. आधी नुसतीच हवा आली. मग शिट्टी लागली, बारीक, लांब, वर वर चढत जाणारी. समोरचा चहावाला किटली हातात धरून बघत राहिला. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं, पण ती थांबली नाही.

नाथाजी तिच्या ओठांकडं टक लावून बघत होता.

"आगं, लाजू नगं," तो हळूच म्हणाला, "वाजीव की."