मामीचं हवामान

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात ढगांना घाबरणारी माणसं गावोगाव सापडतील. पण ढगाला त्याच्या इंग्रजी नावानं ओळखून, त्याची उंची विचारून, मग रीतसर घाबरणारं माणूस एकच आहे आणि ती म्हणजे इचोड्याची माझी मामी. हमरस्त्यावर मामाचं दोर आणि ताडपत्र्यांचं दुकान, मागं घर, वर गच्ची, एवढं तिचं जग. आजवर ती एकदाही विमानात बसलेली नाही आणि बसायची इच्छाही नाही. "जमिनीवर जागा कमी पडून राह्यली का?" असं विचारते. तरीही विमान कोणत्या हवेत उडवावं आणि कोणत्या हवेत मुकाट्यानं खाली ठेवावं, यावर ती भाकरी थापता थापता तासभर बोलू शकते.

याला कारण तिची एकुलती एक लेक. या माझ्या मामेबहिणीनं पायलट व्हायचं डोक्यात घेतलं आणि उत्तरेकडच्या कुठल्याशा फ्लाइंग स्कूलमध्ये नाव घातलं. हवामानाच्या पेपरचा अभ्यास करायला ती घरी आली होती. कुणाला तरी सांगितल्याशिवाय तिला काही पाठच होत नसे. मामाला सांगायला बसली की तो दुसऱ्या वाक्याला घोरायचा. मग उरली मामी. पंखांवर बर्फ साचला की विमानाला पेलवत नाही, उतरताना वारा एकाएकी पालटला की विमान खाली आपटू शकतं, हे सगळं तिनं चुलीपाशी ऐकलं. आणि सगळ्यात शेवटी ऐकला तो सीबी. सरळ वर चढत जाणारा, लोहाराच्या ऐरणीसारखं पसरट डोकं असलेला गडगडाटी ढग; पोटात वीज, गारा आणि विमानाला वर-खाली फेकणारा वारा. पोरगी पास होऊन परत गेली. मामीची झोप मात्र उडाली ती उडालीच.

त्यानंतर तिनं गच्चीवर बांबू रोवला आणि त्याला मामाच्या जुन्या पायजम्याचा एक पाय शिवून लावला. विमानतळावर वारा दाखवणारी कापडी नळी असते, तशी. शेजारची तेलुगू बाई खालून विचारायची, "एंटी अक्का इदी?" हे काय आहे? मामी गंभीरपणे सांगायची, "वारा पाहून राह्यली." मामा म्हणायचा, "अवं, निदान धुतलेला तं लावाचा होता!" समोरची टेकडी स्पष्ट दिसली तर हवा चांगली, पुसट दिसली तर वाईट, हा तिचा दुसरा नियम. टेकडी पुसट दिसली की सकाळीच फोन: "आज उडू नको, माय." पोरगी वैतागायची, "आई, टेकडी इचोड्याची आहे. मी कुठं, तू कुठं!" यावर मामी म्हणायची, "मंग? हवा काय एका जागी बसून राह्यते का?"

ट्रकवाल्यांनाही तिनं सोडलं नाही. निर्मलच्या बाजूला काळं भरून आलं की ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून हिंदीत ओरडायची, "भैया, ताडपत्री बांध लो, आगे सीबी है!" एक सरदारजी घाबरून उतरला. "जेसीबी? रास्ता खोद रहे हैं क्या?" मामीनं त्याला चहा पाजून ढगाचा सगळा धडा सांगितला. बिचारा दोन ताडपत्र्या घेऊन गेला. मामाचा चढलेला पारासुद्धा तिच्या लेखी सीबीच. "यायचं डोकं पसरून राह्यलं, जरा दूर बस," असं ती माझ्या कानात सांगायची.

हसायचो आम्ही. पण गावातल्या बाया लेकींशी सासरच्या गोष्टी बोलतात, तसं हिला काही बोलता येत नव्हतं. लेकीच्या आयुष्यातलं तिला कळलेलं हे हवामान एवढंच होतं. ते धरून ती रोज तिच्यापर्यंत पोचायची. पोरगी हे सारं सोडून घरी यावी, आदिलाबादला मास्तरीण व्हावी, हा धोशा तर तिनं देवापुढंही लावला होता.

एका उन्हाळ्यात मी आमच्या वांकिडीहून मामाकडं दोर घ्यायला गेलो होतो. त्या दिवशी पोरगी एकटीनं दूरच्या विमानतळावर जाऊन परत येणार होती. परवान्यासाठी ते उड्डाण लागतं. उतरली की फोन करणार होती. दुपार उलटली, फोन नाही. मामी जेवली नाही, गच्चीवरही गेली नाही. मामा एकच दोर उलगडून पुन्हा गुंडाळत बसला होता.

संध्याकाळी फोन वाजला. मामीला स्पीकरशिवाय ऐकू येत नाही, त्यामुळं आम्ही सगळेच ऐकत होतो. समोर सीबी उभा राहिला होता, खाली धुळीची भिंत होती, म्हणून पोरगी अर्ध्यातून वळून परत आली होती. तिच्या पुढं निघालेले दोघं मात्र व्यवस्थित पोचले होते.

"मी शहाणपण केलं की घाबरली, तेच समजत नाही, आई," ती रडत म्हणाली. "मला नाही जमत हे. मी घरी येऊ?"

मामानं दोर खाली ठेवला. इतकी वर्षं मागितलेलं मागणं त्या फोनमधून आपणहून चालून आलं होतं. मामीनं पदरानं तोंड पुसलं.

"जेवली का?" तिनं विचारलं.

"नाही."

"जेवून घे. सीबीपासून दूर राहाव, असं तूच सांगितलं होतं मले. राह्यली ना दूर? मंग काऊन रडतं? उद्या सकाळी हवा पाहाय अन् जाय."

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "मामी, ये म्हणायचं होतं ना."

"मले तं रोज म्हनाव वाटते, बाबू," ती म्हणाली. "पन भेवानं नको याले ती."

मग आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. ती आधीच घासलेली होती.

पोरगी पुढं पायलट झाली. आता मोठ्या विमानात उजवीकडं, सहवैमानिकाच्या जागेवर बसते आणि आज एका शहरात असते, उद्या दुसऱ्यात. मामी सांगते, "आता तिले सगळं रडारवर दिसते म्हने. माह्याजवळ विचाराले काई राह्यलं नाही." फोन अजून येतात, पण लवकर संपतात.

या संक्रांतीला पोरगी दोन दिवस आली होती. मीही गेलो होतो. पहाटे नागपूरला न्यायला गाडी आली, तेव्हा दाट धुकं पडलेलं. समोरचा रस्ता नाही, ट्रक नाहीत, काही नाही. ड्रायव्हर म्हणाला, दिसल्याशिवाय हलणार नाही. पोरगी पुन्हा पुन्हा घड्याळ बघत होती.

"वारा नाही, जमीन गार पडली आहे, म्हणून बसलंय, आई," ती म्हणाली. "ऊन चढलं की उठेल."

"किती वेळानं?"

"तासभर तरी."

मामीनं तिच्या हातातली बॅग काढून घेतली, तिला चुलीपाशी बसवलं आणि चहाचं आधण पुन्हा ठेवलं. त्या तासात दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. मी मुद्दामच बाहेर ड्रायव्हरजवळ बसलो. आत गेलो तेव्हा अंगण उजळलं होतं, पलीकडच्या दुकानाची पाटी दिसू लागली होती. पोरगी उठायच्या बेतात होती. मामी दाराकडं पाठ करून आणखी एक कप गाळत होती.

"बस गं," ती म्हणाली, "अजून काईच दिसून नाही राह्यलं."