कापडावर ठेवलेलं कांकण

ग्वांगचौत जेडच्या दगडाचं कांकण घ्यायचं तर हुआलिन देवळाजवळच्या गल्लीत जावं, आणि फसायचं नसेल तर माक साउलिंगच्या गाळ्यावर, असं जुनी गिऱ्हाइकं सांगत. साउलिंग अवाच्या सवा भाव सांगत नसे आणि कांकण कधी कुणाच्या हातात देत नसे. गल्लीचा रिवाजच तो. विकणाऱ्यानं वस्तू कापडावर ठेवायची, हात मागे घ्यायचा, मगच समोरच्यानं उचलायची. दोन हातांच्या मधे निसटली तर फोडली कुणी, हा तंटा मिटत नाही.

गर्दीच्या वेळी बाकीचे दुकानदार हे विसरत. साउलिंगला विसरता येत नसे. तिच्या नवऱ्यानं एकदा आपल्या सख्ख्या भावाच्या हातात कांकण दिलं होतं. ते फरशीवर पडलं. त्यानंतर भाऊ भावाशी बोलला नाही; नवऱ्याच्या अंत्ययात्रेलाही दीर आला नाही.

आज सकाळी गाळ्यासमोर दोघी बसल्या होत्या: तिच्या मुलाला, कामफायला, आवडलेली युएरू, आणि हुनानहून आलेली तिची आई, चुनश्यू. पोरीचं मन ठरलेलं होतं. अडलं होतं ते आईपाशी. एवढ्या लांब, परक्या बोलीच्या घरात लेक द्यायची की नाही, हे ती दुपारच्या गाडीआधी सांगणार होती.

"आज गिऱ्हाईक कोण, साउलिंग? त्या की तू?" शेजारच्या गाळ्यावर कानस घासत बसलेले म्हातारे लोकाका हसले.

साउलिंगला हसू आलं नाही. सुनेसाठी जपून ठेवलेलं फिकट हिरवं कांकण तिनं खणातून काढलं. चुनश्यूनं आपल्या गावच्या रीतीप्रमाणे दोन्ही हात पुढे केले. साउलिंगचा हात मात्र सवयीनं खाली गेला. कांकण कापडावर टेकलं, तिची बोटं मागे सरली.

चुनश्यूचे हात तसेच हवेत राहिले.

"आमचे हात खेड्यातले आहेत, ताई," ती म्हणाली, "पण धुतलेले आहेत. घेऊन पळालो नसतो."

"अहो बाई, इथं सगळे असंच—" लोकाका बोलू लागले.

"काका, तुम्ही मधे पडू नका. ऊठ, युएरू. वस्तू अशी पुढ्यात टाकतात, तिथं माणसाला कसं वागवतील?"

युएरू उठली नाही. आई उठली, पिशवी खांद्याला लावली. साउलिंगनं कांकण पुन्हा उचललं. नुसतं समोरच्या तळहातावर ठेवायचं होतं. तिचा हात अर्ध्या वाटेत थांबला.

"मला जमत नाही," ती अडखळत म्हणाली. परकी बोली तोंडात नीट बसत नव्हती. "माझ्या नवऱ्यानं भावाच्या हातात दिलं होतं. फुटलं. दीर गेला तो गेलाच."

"म्हणजे फुटलं तर मी तुम्हाला बोल लावीन, असं वाटतं तुम्हाला?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही. मीच लावीन, याची भीती वाटते."

लोकाकांच्या गाळ्यावरची कानस थांबली होती. साउलिंगनं कांकण हळूच कापडावर टेकवलं. चुनश्यू त्याच्याकडे बघत राहिली, मग पिशवी खाली ठेवून तिनं ते स्वतः उचललं, उजेडात फिरवलं, लेकीच्या हाताशी धरून पाहिलं.

"लहान आहे."

साउलिंग मोठं कांकण शोधायला खणाकडे वळली.

"साबण आहे का?" चुनश्यूनं विचारलं.

साबणाचं पाणी आलं. आईनं लेकीचा हात भिजवला, अंगठा आत दुमडला आणि कांकण रेटलं. ते हाडावर अडलं. युएरूनं ओठ दाबून धरले.

"सांभाळून, तिरकं होईल," साउलिंग म्हणाली.

"मग बघत काय बसलात? धरा ना मनगट!"

साउलिंगनं मनगट धरलं. फेसाळलेल्या चार हातांत कुणाचं बोट कुठं आहे ते कळेना. युएरू कण्हली. दोघी थांबल्या, एकमेकींकडे पाहिलं, आणि मग कांकण एकदम सरकून मनगटावर उतरलं. हाडावरची कातडी लाल झाली होती.

"आता हे निघायचं नाही," लोकाका पुटपुटले.

चुनश्यूनं लेकीचा हात स्वतःच्या रुमालानं पुसला, बराच वेळ पुसला. मग स्टूल ओढून ती पुन्हा बसली.

"बोलवा तुमच्या मुलाला," ती म्हणाली. "त्याच्याशी बोलायचंय मला. गाडी संध्याकाळचीही असते."