कुमुदआत्याबरोबर माहुलीला

रविवारची दुपार. जेवणं उरकली आहेत, मोरीतला भांड्यांचा आवाज थांबलाय आणि श्रीरंगचा डोळा लागतोय न लागतोय. पंख्याचा वारा मध्येच अंगावर येतो, मध्येच लांब जातो. आजही बेत फिसकटला, एवढं एकच त्याच्या मनात घोळतंय.

बेत साधाच होता. साताऱ्यात त्याचं चष्म्याचं दुकान आहे आणि रविवारीच तिथे जास्त गर्दी असते. तरी महिन्यातला एक रविवार दुकान बंद ठेवायचं आणि तिन्ही मुलांना घेऊन बाहेर पडायचं, असं त्याने आणि नीलिमाने ठरवलं होतं. ते एकदाही धड पार पडलेलं नाही. दहा वर्षांच्या ईशानला किल्ला चढायचा असतो. चार वर्षांच्या रेवाला गाडी लागते, पहिल्या वळणालाच उलटी. आणि पंधरा वर्षांच्या गार्गीला यातल्या कशातच गंमत वाटत नाही. आज सकाळी ती म्हणाली की तुम्ही सगळे जा, मी घरी थांबते. श्रीरंग चिडला. जायचं तर सगळ्यांनी, नाहीतर कुणीच नाही, असं बोलून बसला. मग कुणीच गेलं नाही. तेव्हापासून गार्गी कुणाशी बोललेली नाही. दहावीचा निकाल लागला की ती शिकायला पुण्याला मावशीकडे जाणार आहे. मग कसले रविवार आणि कसलं काय.

दार वाजतं.

तो उठून उघडतो, तर दारात कुमुदआत्या.

कुमुदआत्या म्हणजे त्याच्या वडिलांची धाकटी बहीण. टेलिफोन कचेरीत नोकरी करायची. लग्न केलं नाही, भावाच्याच घरी राहिली. श्रीरंगचे आई-वडील दोघंही दुकानात अडकलेले, म्हणून रविवारी मुलांना फिरवून आणायचं तिने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. श्रीरंग, त्याची मोठी बहीण वसूताई आणि शेंडेफळ नंदू. गेल्या थंडीत आत्या गेली. तिला खांदा द्यायला श्रीरंग होता. हे सगळं त्याला नीट ठाऊक आहे, तरी तिला दारात पाहून त्याला नवल वाटत नाही. शेवटी दिसत होती त्याहून तरुण दिसते, एवढंच.

"आवरलं का?" ती विचारते.

"मुलांचं काही ठरत नाहीये, आत्या."

"ठरेल वाटेत. चपला घाल."

ती पुढे आणि तो मागे असे दोघं जिना उतरू लागतात. हा जिना एवढा लांब कधी झाला ते श्रीरंगला कळत नाही. पायऱ्या दगडी होत जातात, तळव्यांना गार लागतात. म्हणजे चपला राहिल्याच. खाली पाणी चमकतं. लहानपणीचा माहुलीचा घाट आलेला असतो, पण कठड्यावर त्याच्या दुकानातल्या फ्रेमा ओळीने मांडलेल्या असतात, आणि एक गिऱ्हाईक पाण्यात वाकून आपल्याला नवा चष्मा कसा दिसतो ते बघत असतं. श्रीरंग सवयीने थांबतो.

"चल," आत्या म्हणते. "तो बघेल त्याचं त्याचं."

घाटावर मुलं खेळताहेत. वसूताईच्या वेण्यांना लाल रिबिनी आहेत आणि तिच्या शेजारी गार्गी बसलीय, दोघी एकाच वयाच्या. नंदू आणि रेवा मिळून चिखलाचे गोळे करताहेत. ईशान पायऱ्यांवरून उड्या मारतोय. आणि लांब, एका देवळाच्या ओट्यावर, सगळ्यांकडे पाठ करून एक मुलगा बसलाय. त्याच्या खांद्याला पाण्याची पिशवी आहे.

"तो कोण गं?"

"ओळखलं नाहीस? तूच तो."

श्रीरंगला हे काही पटत नाही. त्याला तर आठवतं ते असं की हे रविवार म्हणजे नुसती मजा, एकही वाईट गेला नाही. कितीदा त्याने नीलिमाला सांगितलंय की आमच्या आत्याला जमायचं, आपल्यालाच का जमत नाही. तो तेच आत्याला विचारतो. वसूताई एवढी मोठी, नंदू एवढासा, तू एकटी, कसं जमवायचीस?

आत्या पदराने पायरी झटकते आणि बसते.

"जमायचं कुठे? दर वेळी कुणीतरी रुसलेलं असायचंच. बहुतेक वेळा तू."

"पण पाण्याची पिशवी तू माझ्याकडेच द्यायचीस. मी सांभाळतो म्हणून."

"जो रुसेल त्याच्याकडे द्यायचे मी. तहान लागली की सगळ्यांना त्याच्याशी बोलावं लागायचं."

त्या पिशवीचा श्रीरंगला इतकी वर्षं अभिमान होता. मग त्याला हसू येतं, आणि ती पण हसते, दात दिसू नयेत म्हणून तोंडावर हात धरून, नेहमीसारखी.

मग ती एकेक सांगत जाते. वसूताई मोठी झाल्यावर बरोबर चालायचीच नाही, मैत्रिणींनी बघू नये म्हणून चांगली लांबून यायची. आत्याने कधी तिला पुढे बोलावलं नाही. मागून येत होती, तेवढं पुरे होतं. नंदू तर पोचल्या पोचल्या झोपायचा. मग त्याच्या डोक्यावर सावली धरून सगळे तिथेच बसायचे, आणि तीच सहल व्हायची. एकदा एस.टी. आलीच नाही. स्टँडवरच्या बाकड्यावर डबा खाल्ला, गाड्यांच्या पाट्या वाचल्या आणि घरी आले. श्रीरंगला तो दिवस चांगला आठवतो. आपण तेव्हा कुठे गेलो होतो, एवढंच त्याला कधी आठवत नसे.

"तू दमत नव्हतीस?" तो विचारतो.

आत्या नदीकडे बघते. पलीकडच्या काठावर त्यांच्या घराची खिडकी उघडी आहे, आत दोरीवर कपडे वाळताहेत.

"रविवारी मी घरात बसून काय केलं असतं, श्री? मला कोण कुठे नेणार होतं? तुम्ही मला फिरवून आणायचात."

हे श्रीरंगला कधी सुचलंच नव्हतं. तो हळूच तिच्या जवळ सरकतो. तिच्या अंगाला कापराचा वास येतो, कपाटातल्या साड्यांचा.

"पुढच्या रविवारी येशील?"

"पुढच्या रविवारचं पुढच्या रविवारी बघू. आज ऊन आहे अजून."

तिच्या मांडीवर आता कागदाचा पुडा आहे, वाफ येणाऱ्या शेंगांचा. ती सोलते आणि एक दाणा नंदूच्या तोंडात घालते, एक रेवाच्या. टरफलं श्रीरंगच्या हातात देत जाते. घाटावर टाकू नको, धर, म्हणते. तो मूठ मिटतो. पाणी आवाज न करता एकेक पायरी वर चढत असतं. वसूताई उठते, गार्गी उठते, आत्या अजून सोलतेच आहे, आणि नदीचा आवाज हळूहळू पंख्यासारखा होत जातो.

पंखाच आहे. ऊन भिंतीवरून खाली सरकलंय. स्वयंपाकघरात नीलिमा चहाचं आधण ठेवतेय.

श्रीरंगची उजवी मूठ घट्ट मिटलेली आहे. तो ती उघडतो. हातात शेंगांची टरफलं. ओली, मिठाच्या पाण्याची. घरात कुणी शेंगा उकडलेल्या नाहीत, आणि या दिवसांत ओल्या शेंगा बाजारातही येत नाहीत. तो तसाच बसून राहतो, हात पुढे धरून.

गार्गी चार्जर न्यायला खोलीत येते आणि थांबते.

"शेंगा कुठून आणल्या?" ती विचारते. सकाळपासूनचं तिचं हे पहिलंच बोलणं.

ती पलंगाच्या कडेला टेकते, श्रीरंगच्या तळहातावरचं एक टरफल उचलते आणि नाकाशी नेते.

"बाबा, ही गरम आहेत अजून," ती म्हणते. आणि तिथूनच बाहेरच्या खोलीकडे तोंड करून ईशानला आणि रेवाला हाक मारते.