उष्ट्याचा पारखी

लास व्हेगासमध्ये कुठल्या हॉटेलचा बुफे चांगला, हे सांगणारे छप्पन भेटतील. फुकट जेवून गोडवे गाणारे तर पैशाला पासरी. रोसेन्दो मात्र खरं सांगायचा, कारण त्या बुफेत तो कधी जेवलाच नव्हता. एकोणीस वर्षं तो हॉटेलांच्या मागच्या दारातून उष्ट्याची पिंपं उचलून शहराबाहेर डुकरांच्या फार्मवर नेत होता.

त्याची परीक्षा साधी. "नुसती हाडं नि खेकड्यांची कवचं परत आली, तर खुशाल जा. मांसाचे अख्खे तुकडे आले, तर घरचा राजमा बरा," असं तो शेजाऱ्यांना सांगे. कुणाची आई मेक्सिकोहून आली, कुणाच्या लेकीचं ठरलं, की लोक आधी त्याला विचारत. बायको ओफेलिया चिडवायची, "डुकरांच्या आधी चाखून बघतोस की काय रे?" घरीसुद्धा त्याचं लक्ष ताटाकडेच. तिने एक घास टाकला तरी ह्याची चौकशी सुरू.

मग ओफेलियाच्या पोटात कॅन्सर निघाला. हिवाळाभर औषधाच्या सुया झाल्या आणि तिची अन्नावरची वासनाच उडाली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, वजन आणखी उतरलं तर पुढच्या सुया देता येणार नाहीत. रोसेन्दो पन्नाशी उलटल्यावर स्वयंपाक शिकला. ताट जसंच्या तसं परत यायचं. एकदा तो तिच्यावर ओरडला, आणि नंतर गाडीत बसून रडला.

एके दिवशी तीच म्हणाली, "म्हाताऱ्या, सगळ्या गल्लीला जेवायला पाठवतोस. मला कधी नेलंस?"

त्या रविवारी तो जन्मात पहिल्यांदा हॉटेलच्या पुढच्या दाराने आत गेला. त्याच्या हिशेबी गावातला सगळ्यात चांगला ब्रंच तिथलाच. तिला खुर्चीवर बसवून तो रांगेत उभा राहिला. ऑम्लेट आणलं, भाजलेला मासा आणला, पीचचा केक आणला. दर वेळी आणखी काही घेऊन यावं, तर आधीची प्लेट चाटूनपुसून साफ!

"अगं, हळू खा!"

"तुझ्या डुकरांची निवड चांगली आहे हो," ती म्हणाली.

घरी येताना तो गाडीत गात होता. असे चार रविवार गेले.

गुरुवारी दवाखान्यातल्या काट्यावर तिचं वजन आणखी उतरलेलं दिसलं. "काटा बिघडलाय तुमचा!" तो डॉक्टरीणबाईंवर धावून गेला. "माझ्या डोळ्यांदेखत तीन-तीन प्लेटा संपवते ती!" बाईंनी वाद घातला नाही. पुढच्या गुरुवारी शेवटचं वजन करून बघू, मग सुयांचं ठरवू, म्हणाल्या.

सोमवारी हॉटेलच्या मागच्या दाराशी ग्रासिएला उभी होती. टेबलं साफ करणारी.

"रोसेन्दोभाऊ, माझ्याच्याने आता हे होत नाही. तुम्ही उठलात की वहिनी भरलेली प्लेट माझ्या हातात देतात. शेजारच्या टेबलावरची खाऊन झालेली आणून ठेव म्हणतात."

"का पण?"

"म्हणतात, 'तो माझ्या तोंडाकडे कुठे बघतो? ताटाकडे बघतो.'"

रोसेन्दोने पिंपं चढवली, फेरी पुरी केली. फार्मवर पोहोचेपर्यंत त्याला तिचाच राग येत होता. परतताना स्वतःची लाज वाटायला लागली.

घरी ओफेलिया खिडकीशी बसली होती. "येत्या रविवारी तिथेच ना?" तिने विचारलं. त्याने तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. गालांची हाडं वर आली होती, ओठांना चिरा पडल्या होत्या. हे सगळं कालही होतंच की.

"कुठेच जायचं नाही, म्हातारे. माझ्यासाठी नको खाऊस."

"ग्रासिएलाच्या पोटात काही राहत नाही," ती म्हणाली. मग, "रागावलास?"

"सकाळी रागावलो होतो."

तिने त्याचा हात हातात घेतला. चार महिन्यांत पहिल्यांदाच तिचे खांदे सैल पडले. "मग गुरुवारी सुईलाही नको नेऊस मला. माझ्यात आता ताकद नाही रे. मी तुझ्यासाठीच जात होते."

तो तिच्या तोंडाकडे बघत बसून राहिला. "बरं" एवढंच म्हणायला त्याला संध्याकाळ झाली.